वाद कोणाचा, ग्रस्त कोण?

इंग्रजीतील ‘कंटेन्शस’ या विशेषणाला मराठीत काय म्हणावे असे विचारले, तर आपल्यापैकी दहांतील नऊ जण क्षणाचाही विलंब न लावता ‘वादग्रस्त’ असे उत्तर देतील. ‘डिस्प्युटेड’ला काय म्हणावे? वादग्रस्त. ‘कॉन्ट्रोव्हर्शियल’ला? तेही वादग्रस्तच. पुढाऱ्याचे विधान वादग्रस्त, चित्रपट वादग्रस्त, शेताचा बांध वादग्रस्त, बदली झालेला अधिकारी वादग्रस्त आणि आपली सीमाही वादग्रस्त. एका शब्दाच्या पाठीवर एवढी ओझी लादली, की त्यांपैकी नेमके कोणते ओझे कोठे उतरवायचे आहे हे वाचणाऱ्यास कळेनासे होते. पुण्या-मुंबईच्या वाचकाचे त्यावाचून काही अडत नाही. आम्हां सीमेवरच्या माणसांचे मात्र अडते, आणि ते कसे अडते हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

प्रथम इंग्रजी शब्दाकडे पाहू. ‘कंटेन्शस’च्या मुळाशी ताणणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. आपल्या संस्कृत ‘तन्’ धातूचा तो सख्खा भाऊ, आणि ‘ताण’, ‘ताणणे’ हे आपले शब्द त्याच घराण्यातले. दोन्ही बाजूंनी दोर ताणला जात आहे, हे त्या शब्दातील मूळ चित्र. मराठीत यास ‘ओढाताण’ म्हणतात. परंतु इंग्रजीने या शब्दाला दोन निरनिराळ्या जागी बसवले आहे. माणसाला लावला तर त्याचा अर्थ होतो भांडखोर, वाद उकरून काढणारा. विषयाला लावला तर अर्थ होतो ज्यावरून मतभेद उत्पन्न होतात किंवा होण्याचा संभव आहे असा. मराठीने या दोन अर्थांची दोन घरे केली आहेत. उठल्यासुटल्या कोर्टाची पायरी चढणाऱ्या माणसास आम्ही ‘कज्जेदलाल’ म्हणतो; त्यास कोणी ‘वादग्रस्त’ म्हणणार नाही. उलट ‘वादग्रस्त लेखक’ म्हटले की तो स्वभावाने गरीब गाय असला तरी चालते, त्याच्यावरून इतरांनी भांडले म्हणजे झाले. इंग्रजीत जे एकाच शब्दात कोंबले आहे ते मराठीत आधीच निवडून ठेवलेले आहे, ही आपल्या भाषेची श्रीमंती होय. (जाता जाता एक सूचना. सावधपणे व निष्ठेने काम करणारा या अर्थाचा ‘कॉन्शिएन्शस’ हा शब्द कानाला याच्या जवळचा वाटतो. एका उमेदवाराच्या शिफारसपत्रात या दोहोंची अदलाबदल झालेली आम्ही पाहिली आहे. त्या बिचाऱ्याला ‘अत्यंत भांडखोर’ असे प्रशस्तिपत्र मिळाले होते.)

आता आपल्या शब्दाकडे वळू. ‘वाद’ हा शब्द मुळात अप्रतिष्ठित नाही. न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय ते ठरावे म्हणून होतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचे काहीच न मांडता समोरच्याचे तेवढे खोडून काढणे ही वितंडा. आमच्या न्यायालयात फिर्याद घेऊन येणारा तो ‘वादी’, त्याचा अर्ज तो ‘वादपत्र’. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. कमीपणा चिकटतो तो ‘ग्रस्त’मुळे. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे. ग्रास, ग्रहणातला ग्रस्तोदय, पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त ही सारी त्याचीच प्रजा. पूरग्रस्ताने पूर आणलेला नसतो, तो पुरात सापडलेला असतो. त्याच न्यायाने वादग्रस्त म्हणजे वादाने गिळलेला. वाद करणारा कोणी दुसराच. शब्दाने इतके स्वच्छ सांगितले असता व्यवहारात मात्र आपण उलटा अर्थ घेतो, आणि ‘वादग्रस्त’ म्हटले की त्या माणसातच किंवा त्या गावातच काही खोट असावी अशी शंका मनात येते. पूरग्रस्ताला मदत मिळते, वादग्रस्ताकडे संशयाने पाहिले जाते, असा हा न्याय आहे.

हिंदीत ‘विवादित’ आणि ‘विवादास्पद’ असे दोन शब्द चालतात. आमच्या आदिलाबादेत रोज सकाळी हाती येणाऱ्या तेलुगू वर्तमानपत्रांत ‘विवादास्पद’ हाच शब्द रूढ आहे. आस्पद म्हणजे जागा, स्थान. हास्यास्पद, संशयास्पद, लज्जास्पद यांतले. वाद जेथे येऊन बसला ती जागा, एवढेच तो शब्द सांगतो, आणि ते आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते. मराठीतही ‘वादास्पद’, ‘विवादास्पद’ हे शब्द आहेत. आपण ते माळ्यावर टाकून दिले आहेत. आणि जो विषय, जी कृती, जो माणूस मुद्दाम भांडण उत्पन्न करतो त्याच्यासाठी संस्कृताच्या दारी जाण्याचेही कारण नाही. ‘कळलाव्या’ हा अस्सल शब्द आपल्याजवळ आहे. पावसाळ्यात आमच्या रानांत लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले घेऊन येणारी कळलावी नावाची वेल आहे. तिचे फूल घरात आणले की घरात भांडण लागते, असा लोकसमज आहे. बिचारी वेल! बाळंतिणीस कळा याव्यात म्हणून तिचा कंद वापरीत, आणि ‘कळ’ या शब्दाला भांडण हाही अर्थ असल्यामुळे ती बदनाम झाली असावी, असा आमचा तर्क आहे. ते असो. एखाद्या राजकीय भाषणाला वर्तमानपत्रे ‘वादग्रस्त वक्तव्य’ म्हणतात तेव्हा बहुधा ते ‘कळलावे वक्तव्य’ असते. पहिल्या शब्दाने वक्ता सुटतो, दुसऱ्याने सापडतो. वर्तमानपत्रांना पहिला शब्द प्रिय का, हे त्यामुळे समजते.

येथे आमच्या व्यवसायातील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमात मृत्युपत्राच्या प्रोबेटसंबंधी तरतुदी आहेत. ज्या प्रकरणात ‘कंटेन्शन’ आहे ते प्रकरण साध्या अर्जासारखे न चालवता नियमित दाव्याप्रमाणे चालवावे, असे त्याचे कलम २९५ सांगते. मग ‘कंटेन्शन’ म्हणजे काय? कायद्याने हा शब्द वाऱ्यावर सोडलेला नाही. कलम २८६ च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे, की कोणी स्वतः, मान्यताप्राप्त प्रतिनिधीमार्फत किंवा वकिलामार्फत कार्यवाहीला विरोध करण्यासाठी हजर होणे म्हणजे कंटेन्शन. विरोध करणारा कोणीतरी समोर उभा राहिला पाहिजे. गावात कुजबुज आहे, चुलतभावाचे तोंड वाकडे आहे, उद्या कोणी हरकत घेईल अशी धास्ती आहे, एवढ्याने प्रकरण कंटेन्शस होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या चौदाव्या आदेशाचाही रोख असाच आहे: एका पक्षाने विधान करावे आणि दुसऱ्याने ते नाकारावे, तेव्हा मुद्दा निर्माण होतो. हे दोन पक्ष कोण ते दाखवता आले पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच, की जी शिस्त कायद्याने एका मृत्युपत्रासाठी पाळली ती शासनाने आणि वर्तमानपत्रांनी आख्ख्या गावांविषयी लिहिताना पाळावी.

कोणत्या गावांविषयी, हे या पानाच्या वाचकांस सांगावे लागू नये. तरीही दूरच्या वाचकांसाठी सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुका आणि कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातील केरामेरी मंडळ यांच्या मधल्या डोंगरपट्ट्यात परांदोळी, अंतापूर, मुकदमगुडा, महाराजगुडा, लेंडीजाळा आणि त्यांच्या सोबतीची गावे आहेत. २०१६ च्या ऑक्टोबरात आदिलाबादचे चार जिल्हे होईपर्यंत हा मुलूख आमच्याच जिल्ह्यात गणला जाई. गावे किती, यावरही एकमत नाही. कोणी बारा म्हणतो, कोणी चौदा. वस्ती गोंड-कोलामांची, आणि मराठवाड्यातून येऊन स्थायिक झालेल्या मराठी व बंजारा कुटुंबांची. दोन राज्यांच्या दोन ग्रामपंचायती, दोन सरपंच, दोन शिधापत्रिका, मराठी शाळा आणि तेलुगू शाळा. आणि दोन्ही भाषांतील बातम्यांत या गावांच्या नावाआधी लागणारे विशेषण एकच, ते म्हणजे वादग्रस्त.

आता हा वाद कोणाचा ते पाहू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना अधिनियमाने हैदराबाद संस्थानाचे तुकडे झाले तेव्हा आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. त्यातून किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ एवढे वगळून मुंबई राज्याला दिले गेले. उलट नांदेडच्या मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे आंध्रात आली. राजुरा आधी नांदेडला जोडला गेला, १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात गेला, आणि पुढे त्याच्यातूनच जिवती तालुका निघाला. म्हणजे दोन राज्यांची हद्द संसदेने त्या डोंगरात दोर लावून आखलेली नाही. तालुक्याची जी हद्द आधीपासून होती तीच राज्याची हद्द झाली. तेव्हा खरा प्रश्न असा: ही गावे जुन्या राजुरा तालुक्याच्या हद्दीच्या आत पडतात की बाहेर? या प्रश्नाला आम्ही वकील ‘वस्तुस्थितीचा प्रश्न’ म्हणतो. त्याचे उत्तर नकाशे, मोजणीचे दगड आणि जुनी महसुली दप्तरे यांतून निघते. सत्तर वर्षांत ते निघाले नाही, म्हणून त्यास ‘अनिर्णीत’ म्हणता येईल. ‘वादग्रस्त’ म्हणताच तो भूमापकाच्या हातून निसटतो आणि पुढाऱ्यांच्या सभेत जाऊन बसतो.

गावकऱ्यांचे या सगळ्यात काय होते ते पाहावे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत चंद्रपूर मतदारसंघाचे मतदान १९ एप्रिलला होते आणि आदिलाबादचे १३ मे रोजी. या गावांतल्या लोकांची नावे दोन्हीकडच्या याद्यांत असल्याचे आणि बोटावरची शाई दोनदा लागत असल्याचे वर्तमानपत्रांनी मोठ्या कौतुकाने छापले. त्या कौतुकात कायद्याची आठवण फारच थोड्यांना झाली. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचे कलम १७ एका माणसाचे नाव दोन मतदारसंघांत ठेवू देत नाही, आणि १९५१ च्या अधिनियमाचे कलम ६२ सांगते, की एकाच प्रकारच्या दोन मतदारसंघांत मत दिले तर दोन्ही मते रद्द ठरतात. म्हणजे ज्यास दोन मतांचा धनी म्हणून मिरवले जाते त्याच्या पदरी कायद्याच्या हिशेबाने शून्य मत आहे, आणि दोष मात्र त्याच्या माथी. त्याने नाव नोंदवा म्हणून सांगितले की दोन राज्यांच्या कर्मचाऱ्यांनी येऊन ते नोंदवून नेले, हे कोणी विचारीत नाही. पुढे २०२५ च्या जुलै महिन्यात महाराष्ट्राच्या महसूल मंत्र्यांनी ही चौदा गावे पूर्णपणे महाराष्ट्रात घेण्याची घोषणा केली. आम्ही तिचे स्वागतच करतो. मात्र दोन राज्यांची हद्द प्रत्यक्षात बदलायची असेल तर संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे ते काम संसदेचे आहे, आणि हद्द बदलायची नसून केवळ ओळखायची असेल तर ते काम दोन्हीकडच्या भूमापकांनी एकत्र बसून करण्याचे आहे. घोषणा करणाऱ्याने यांपैकी आपण काय करीत आहोत ते सांगितले असते तर बरे झाले असते.

‘वादग्रस्त’चा आणखी एक उपयोग आहे, तो कचेऱ्यांत होतो. सीमेलगतच्या एका गावातील पालकांनी मराठी माध्यमाच्या वर्गासाठी एक शिक्षक मागितला होता. संविधानाच्या ३५० क अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे म्हटले आहे, तोच आधार. उत्तर एका ओळीचे इंग्रजीत आले. विषय ‘कंटेन्शस’ स्वरूपाचा असल्याने तूर्त कार्यवाही शक्य नाही. कागद आमच्याकडे आला. आम्ही पालकांना विचारले, या मागणीला गावात कोणाचा विरोध आहे काय? नव्हता. तेलुगू माध्यमात मुले घालणाऱ्या शेजाऱ्यांनीही अर्जावर सह्या केल्या होत्या. मग आम्ही त्या कचेरीला एवढेच लिहून विचारले, की हरकत कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या कारणासाठी घेतली ते कृपया कळवावे. तीन महिन्यांनी दुसरे पत्र आले. त्यातून ‘कंटेन्शस’ हा शब्द गेला होता आणि त्याच्या जागी ‘विचाराधीन’ आला होता. शिक्षक अद्याप आलेला नाही. परंतु ‘विचाराधीन’ला कालमर्यादा विचारता येते, स्मरणपत्र देता येते, माहितीच्या अधिकारात टिपणी मागता येते. ‘कंटेन्शस’ला काहीही विचारता येत नाही, तो शब्दच दाराची कडी आहे.

आमचे बेळगावकडील मित्र येथे आम्हांस अडवतील, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. तेथे ‘वाद’ हा शब्द टिकवण्यासाठीच लढावे लागते. महाजन आयोगाने १९६७ मध्ये जे सांगितले ते अखेरचे, वाद शिल्लकच नाही, अशी कर्नाटकाची भूमिका आहे. महाराष्ट्र २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला तो संविधानाच्या १३१ व्या अनुच्छेदाखाली, आणि त्या अनुच्छेदाचे दार उघडते ते राज्याराज्यांत कायदेशीर हक्काचा ‘वाद’ असेल तरच. म्हणून ८६५ गावांना वादग्रस्त म्हणवून घेणे ही तेथे कमाई आहे. मध्यंतरी महाराष्ट्रात ‘कर्नाटकव्याप्त’ असाही शब्द निघाला. तो कळलावा आहे हे उघड आहे, पण निदान तो आपला पक्ष लपवीत नाही. आम्ही म्हणतो ते एवढेच, की बेळगावात जो शब्द किल्ली आहे तोच जिवतीच्या डोंगरात कुलूप आहे. तेव्हा सीमाभाग म्हणून सरसकट एकच शब्द सगळ्यांनी वापरू नये.

वाद हा कोणत्याही भूमीचा जन्मजात गुण नसतो, हे पाहायचे तर पैनगंगेकडे पाहावे. कोरट्याजवळ, चनाखा-कोरटा येथे या नदीवर बंधारा घालण्याची गोष्ट कित्येक वर्षे अशीच ‘वादग्रस्त’ होती. २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत दोन राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी मेडीगड्डा, तुम्मिडीहट्टी आणि चनाखा-कोरटा या कामांसंबंधी करारांवर सह्या केल्या. पाणी तेच, काठ तेच. सही वाळली तशी विशेषण गळून पडले.

तेलुगू भाषिक शेजाऱ्यांशी या विषयावर बोलताना मात्र आपल्या लोकांनी जपून बोलावे, कारण या प्रांतात एकच शब्द नदी ओलांडताना अर्थ बदलतो. आपण ‘तगादा’ म्हणतो तो सावकाराचा, पैसे परत दे म्हणून लावलेला. तेलुगूत ‘तगादा’ म्हणजे चक्क भांडण. जमिनीच्या तंट्याला ते भू-तगादा म्हणतात. मोंढ्यात एखाद्या मराठी शेतकऱ्याने ‘त्याने माझ्यामागे तगादा लावला’ असे म्हटले तर ऐकणारा कोणी कोणास मारले असे विचारायचा. आपली ‘पंचाईत’ होते म्हणजे आपण अडचणीत सापडतो. तेलंगणातल्या बोलीत ‘पंचायिती’ म्हणजे वाद, मग तो पाण्याचा असो की बांधाचा. दोन्ही भाषांनी एकाच पंचांच्या पारावरून शब्द उचलला. त्यांनी पंचांपुढे आलेले भांडण घरी नेले, आपण पंचांपुढे उभे राहिल्यावर होणारी अवस्था नेली.

यापुढे आपल्या संघटनांनी, ग्रामसभांनी आणि वैयक्तिक अर्जदारांनी निवेदने लिहिताना ‘वादग्रस्त गावे’ हे शब्द वापरू नयेत, अशी आमची सूचना आहे. ‘ज्यांची हद्द अद्याप निश्चित झालेली नाही अशी गावे’ असे लांबलचक असले तरी तेच लिहावे, आणि त्याच वाक्यात ती कोणी निश्चित करावयाची आहे तेही लिहावे. कोठे खरोखरच दोन पक्ष असतील तर दोघांची नावे लिहून ‘विवादित’ म्हणावे. निवेदन मराठीतूनही देता येते. संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेतून गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद ३५० ने प्रत्येकास दिलेला आहे. तरीही सोबत तेलुगू प्रत जोडणे शहाणपणाचे. त्या प्रतीत ‘न सुटलेला’ या अर्थी भाषांतरकार ‘अपरिष्कृत’ हा शब्द घालील. तो तेलुगूत अगदी योग्य आहे, कारण तेथे ‘परिष्कार’ म्हणजे प्रश्नाची सोडवणूक. वाचून कोणी खोडू नये. फक्त मराठी प्रत तयार करणाऱ्याने तो शब्द जसाच्या तसा उतरवून घेऊ नये. आपल्याकडे अपरिष्कृत म्हणजे असंस्कृत, आणि परांदोळीच्या सरपंचांना ते वाचून दाखवण्याची वेळ आमच्यावर येऊ नये.